वसईचा हींवताप आणि परदेशगमनाची गोळी

इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत औषधाच्या गोळीवर लेख कां, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल, व तो योग्यच आहे. आम्ही वैद्य नाहीं. उभें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें, आणि सेवानिवृत्तीनंतरचा वेळ पोथ्या व बाडें चाळण्यांत जात आहे. तथापि मध्यंतरीं असा एक प्रसंग घडला कीं, त्यामुळें एका जुन्या विषयाकडे आमचें लक्ष वळलें; आणि त्या प्रसंगांत आमच्या हातून झालेली चूकही येथें नोंदविणें आम्हांस प्राप्त आहे.

वसईच्या किल्ल्यालगत समुद्रकांठीं पाचूबंदर, लांगेबंदर व किल्लाबंदर अशा कोळ्यांच्या वस्त्या आहेत. पैकीं पाचूबंदर या नांवाची व्युत्पत्ति सांगण्याचा मोह आम्हीं आवरतों. पाचूच्या रत्नावरून हें नांव पडलें असें सांगणारे पुष्कळ भेटतात, प्रमाण देणारा अद्याप भेटलेला नाहीं. या वस्तींतील एक तरुण, आमचा जुना विद्यार्थी, व्यापारी जहाजावर नोकरीस आहे. त्याचें जहाज पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यास जावयाचें ठरलें, तेव्हां निघण्यापूर्वीं तो भेटीस आला. खिशांतून गोळ्यांची एक पट्टी व घडी घातलेलें पत्रक काढून तो म्हणाला, "मास्तर, मला कांहीं एक झालेलें नाहीं. मग रोज औषध कशाला घ्यायचें? आई तर म्हणते, धडधाकट माणसानें औषध घेणें म्हणजे दुखणें बोलावून आणणें."

प्रश्न साधा दिसला, तरी उत्तर आम्हांस तत्काळ देतां आलें नाहीं. औषध हें रोग्यासाठीं, हा समज केवळ त्याच्या आईचा नव्हे; तो फार जुना व सार्वत्रिक आहे. निरोगी मनुष्यानें, ज्या रोगाचें चिन्हही अंगीं नाहीं अशा रोगासाठीं, प्रवासाच्या आधीं, प्रवासांत व प्रवासानंतर दररोज नेमानें औषध घ्यावें, ही कल्पना केव्हां व कशी रूढ झाली, याचा शोध घ्यावा असें आमच्या मनानें घेतलें.

प्रथम आपल्या वैद्यकग्रंथांकडे वळूं. थंडी वाजून येणारा, सोडून पुन्हां भरणारा जो ताप, ज्यास आपल्याकडे हींवताप, एकांतरा, तिजारा अशीं नांवें आहेत, तो शास्त्रांत विषमज्वर या सदराखालीं येतो. संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक व चतुर्थक असे त्याचे पांच भेद चरकाच्या चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायांत व सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत सांगितले आहेत. तापाच्या पाळ्या मोजण्यांतील ही सूक्ष्मता खरोखर वाखाणण्याजोगी आहे. आजच्या सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं जे दोन दिवसांच्या व तीन दिवसांच्या अंतरानें ताप आणणारे निरनिराळे जंतु दिसतात, त्यांचे बाह्य परिणाम या आचार्यांनीं केवळ निरीक्षणानें वेगळे काढले होते.

परंतु याच्या पुढें जाऊन सुश्रुतास डांसांपासून हींवताप होतो हें ठाऊक होतें असें जें हल्लीं वारंवार छापलें जातें, तें आम्हांस मान्य नाहीं. सुश्रुताच्या कल्पस्थानांत सामुद्र, परिमंडल, हस्तिमशक, कृष्ण व पार्वतीय असे पांच प्रकारचे मशक सांगितले आहेत हें खरें. पण तें प्रकरण कीटकांच्या विषाचें आहे. विषमज्वराचा विचार ग्रंथाच्या दुसऱ्या टोंकास, उत्तरतंत्रांत, आहे; आणि या दोन स्थळांना जोडणारें वाक्य संहितेंत नाहीं. दोन पानें शेजारीं ठेवून तिसरा अर्थ काढणें ही वकिली झाली, संशोधन नव्हे. आपल्या पूर्वजांचें जें आहे तें पुरेसें मोठें आहे. त्यास उसनी उंची देण्याचें कारण नाहीं.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर मात्र शास्त्रांत दुसऱ्या एका स्थळीं सांपडतें. चरकानें सूत्रस्थानांत आहाराचा विचार करतांना असें सांगितलें आहे कीं, ज्यानें स्वास्थ्य टिकतें आणि जे विकार अद्याप उत्पन्न झालेले नाहींत ते उत्पन्न होत नाहींत, तें नित्य सेवन करावें. स्वस्थवृत्त, दिनचर्या, ऋतुचर्या हा सगळा विस्तार याच पायावर उभा आहे. तेव्हां निरोग्यानें कांहीं नेमानें घेणें ही कल्पना आपल्यास परकी नाहीं. परका आहे तो विशिष्ट रोगावर योजिलेला विशिष्ट पदार्थ.

तो पदार्थ म्हणजे दक्षिण अमेरिकेंतील सिंकोना वृक्षाची साल. पोर्तुगीज वसईंत आले तेव्हां ती कोणासच ठाऊक नव्हती. गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें 23 डिसेंबर 1534 रोजीं वसई पोर्तुगीजांस दिली. त्याच वर्षीं गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य हिंदुस्थानांत उतरला. पुढें मुंबई बेट त्याच्याकडे खंडानें होतें, आणि वसईचा हा मुलूख त्यानें स्वतः पाहिला होता. त्याचा वनस्पति व औषधें यांवरील संवादरूप ग्रंथ 1563 मध्यें गोव्यास छापला गेला. हिंदुस्थानांत छापलेल्या अगदीं आरंभींच्या पुस्तकांपैकीं तें एक असल्यानें संग्राहकांस त्याचें मोल सांगावयास नको. देशी वैद्यांचा व देशी औषधांचा आदरानें उल्लेख करणाऱ्या या मनुष्याजवळही तापास समूळ घालविणारें औषध नव्हतें.

परदेशी मनुष्याच्या दृष्टीनें हा किनारा त्या काळीं भीतिदायक होता, हें आज आपण विसरलों आहों. इंग्रज पाद्री ओव्हिंग्टन 1689 च्या प्रवासावर निघाला. त्याचें पुस्तक 1696 मध्यें छापलें. नव्यानें मुंबईस येणाऱ्याचें आयुष्य दोन पावसाळ्यांचें, अशा आशयाची म्हण तेथें रूढ असल्याचें तो नमूद करतो. इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी 1695 मध्यें वसईस आला, तेव्हां साथीमुळें शहराचा एक भाग ओस पडलेला त्यानें पाहिला. ही साथ हींवतापाचीच होती असें आम्ही म्हणत नाहीं. ग्रंथिक सन्निपाताचाही संभव आहे. गोव्याची जुनी राजधानी तर तापांनीं खाऊन टाकली, आणि 1759 मध्यें व्हाइसरॉयनें आपलें बिऱ्हाड पणजीकडे हलविलें.

येथें जुनीं पत्रें वाचणारांस एक सूचना करावीशी वाटते. पेशवेकालीन पत्रांत "शरीरीं समाधान नाहीं" किंवा "ज्वर आला" एवढेंच असतें. त्यावरून रोगाचें निदान करूं नये. 28 एप्रिल 1740 रोजीं बाजीरावसाहेब नर्मदातीरीं रावेरखेडी येथें वारले, तें "नवज्वरानें" असें सर्वत्र सांगितलें जातें, व कांहीं लेखक त्यावरून खुशाल हींवताप ठरवितात. वैद्यकांत नवज्वर हें कोणत्याही एका रोगाचें नांव नसून ज्वराच्या प्रारंभीच्या अवस्थेचें नांव आहे. त्याचा प्रतियोगी जीर्णज्वर. यापलीकडे त्या शब्दांतून कांहीं निघत नाहीं. वसईचा विजय मिळविणारे चिमाजीअप्पा त्याच वर्षाच्या डिसेंबरांत गेले, त्यांच्या दुखण्याविषयींही असाच संयम पाळावा.

सिंकोनाची साल जेसुइट पाद्र्यांनीं सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत यूरोपांत नेली. म्हणून तिला जेसुइटांची साल असें नांव पडलें. वसईच्या किल्ल्यांत जेसुइटांचें विद्यालय होतें, यावरून साल वसईसही आली असली पाहिजे असें कोणी म्हणेल. तें अनुमान झालें, प्रमाण नव्हे. हिंदुस्थानच्या किनाऱ्यास ती सतराव्या शतकाच्या अखेरीपूर्वीं पोंचली होती, याविषयीं मात्र शंका नाहीं. 1693 मध्यें चीनचा सम्राट कांगशी तापानें आजारी पडला असतां जेसुइटांनीं त्यास जी साल देऊन बरें केलें, ती पाँडिचेरीहून पाठविलेली होती. त्या दरबारांतील एक गोष्ट आम्हांस फार आवडली: सम्राटास देण्यापूर्वीं तें औषध कांहीं दरबारी लोकांनीं, निरोगी असतां, स्वतः घेऊन पाहिलें. निरोग्यानें साल घेतल्याचें हें एक जुनें उदाहरण, पण हेतु विषपरीक्षेचा.

1820 मध्यें पॅरिस येथें पेल्लेत्ये व कावाँतू यांनीं सालीचें सत्त्व वेगळें काढलें. तेंच आपलें कोयनेल. 1860 नंतर निलगिरीवर व दार्जिलिंगकडे सरकारी लागवड झाली. आणि 1892 पासून बंगालमध्यें, व पुढें इतर प्रांतांतही, कोयनेलच्या पुड्या टपालकचेरींत पैशाला एक याप्रमाणें विकल्या जाऊं लागल्या. तिची कडू चव मात्र कोणी विसरत नसे. शाळेंत रांगेनें उभें करून कोयनेल पाजल्याच्या आठवणी आम्हीं आमच्या वडिलांच्या तोंडून ऐकल्या आहेत.

कोयनेल रोगावर न घेतां रोगापूर्वीं घेण्याची रीत आफ्रिकेंत सिद्ध झाली, आणि आमच्या विद्यार्थ्याचें जहाज जेथें जाणार होतें तोच तो प्रदेश. 1841 मध्यें इंग्रजांनीं नायजर नदींत तीन जहाजें पाठविलीं. त्यांवरील 145 युरोपियनांपैकीं 130 तापानें पडले, व सुमारें 40 मेले. पुढें 1854 मध्यें डॉक्टर बेकी याच्या हाताखालीं "प्लियड" नांवाचें लहान जहाज त्याच नदींत सुमारें चार महिने हिंडलें. या वेळीं खलाशांस दररोज कोयनेल देण्याचा नेम कटाक्षानें पाळला, आणि तापानें एकही मनुष्य दगावला नाहीं. नदी तीच, डांस तेच; फरक पडला तो रोजच्या मात्रेनें. डांसाचा यांत संबंध आहे हें त्या वेळीं कोणासही ठाऊक नव्हतें, दूषित हवेनें ताप येतो असाच सर्वांचा समज होता. चुकीच्या उपपत्तीवर बरोबर उपचार चालल्याचीं उदाहरणें वैद्यकाच्या इतिहासांत थोडीं नाहींत.

रक्तांतील जंतूचा शोध लाव्हरां यानें 1880 मध्यें अल्जीरियांत लाविला. त्यास हिंदुस्थानांत पहिला दुजोरा मुंबईंतून मिळाला, ही गोष्ट आपल्या इकडे फारशी सांगितली जात नाहीं. ग्रँट मेडिकल कॉलेजांत दीर्घकाळ असलेले डॉक्टर व्हँडाइक कार्टर यांनीं 1887 मध्यें आपलें निरीक्षण प्रसिद्ध केलें. रोनाल्ड रॉस यांचा सिकंदराबादचा शोध त्यानंतर दहा वर्षांनीं, 1897 मध्यें. मग 1911 मध्यें डॉक्टर बेंटली यांनीं मुंबई शहराची पहाणी करून घराघरांतील विहिरी व टांक्या हेंच डांसांचें माहेर असल्याचें दाखविलें. त्यावर विहिरी बुजविण्याचा प्रश्न आला, व धार्मिक भावनेच्या लोकांकडून मोठी हरकत झाली. वसईंत वाड्यांना पाणी देणाऱ्या बावखलांविषयीं आजही असाच वाद कानावर येतो. आमचें मत असें कीं, बावखल बुजवूं नये, त्यांत मासे सोडावे. पण हा या लेखाचा विषय नव्हे.

मराठी माणसाच्या परदेशगमनाचें व हींवतापाचें सर्वांत दुःखद प्रकरण मॉरिशसचें. मुंबई बंदरांतून कोंकणांतील कित्येक कुटुंबें उसाच्या मळ्यांवर करारानें गेलीं. त्यांचे मराठी बोलणारे वंशज आजही तेथें आहेत. 1866 पूर्वीं त्या बेटावर हा ताप सांथीच्या रूपानें ठाऊक नव्हता. जहाजांबरोबर डांस आणि मजुरांच्या रक्तांतून जंतु तेथें गेले असें सामान्यतः मानलें जातें. 1867 या एका वर्षांत तेथें तीस हजारांहून अधिक माणसें मेलीं. रोग घेऊन जाणारा स्वतः बहुधा धडधाकट दिसत होता, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे; पुढील हकीकतीशीं त्याचा संबंध आहे. 1907-08 मध्यें रॉस स्वतः त्या बेटावर जाऊन आले, आणि पुढें पुष्कळ वर्षांच्या प्रयत्नांनीं 1973 मध्यें व पुन्हां उलटल्यावर 1998 मध्यें तें बेट या तापापासून मुक्त झालें.

दुसऱ्या महायुद्धांत जावा जपान्यांच्या हातीं गेल्यामुळें कोयनेल मिळेनासें झालें, व मेपाक्रिन नांवाची पिवळी गोळी सैन्यास रोज देण्यांत आली. ब्रह्मदेशच्या आघाडीवर, जेथें मराठा पलटणीही होत्या, 1943 मध्यें एका जखमीमागें 120 रोगी मागें धाडावे लागत, असें सेनापति स्लिम यांनीं 1956 मध्यें लिहून ठेवलें आहे. गोळीनें कातडी पिवळी पडे, आणि तिनें पुरुषत्व जातें अशी बातमी पसरली होती. शिपाई ती जिभेखालीं धरून मागाहून थुंकून टाकीत. तेव्हां स्लिमनीं अचानक तपासणी सुरू केली. शंभरांत पंच्याण्णवांनीं गोळी घेतलेली न आढळल्यास त्या पलटणीच्या अधिकाऱ्यास काढून टाकण्यांत येई. तीन अधिकारी गेले, आणि मग कोणास काढावें लागलें नाहीं. निरोग्यास औषध घेण्यास लावणें किती कठीण, याचें यापेक्षां बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

ही सर्व हकीकत आम्हीं त्या तरुणास दोन संध्याकाळीं सांगितली. तो हंसला, पण त्याला पटलें. आईलाही त्यानें पटविलें. पत्रक आम्हीं पोथीसारखें वाचून दाखविलें: डॉक्सिसायक्लिन, 100 मिलिग्रॅम, निघण्यापूर्वीं एक-दोन दिवस आरंभ करून रोज एक, भरपूर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर लगेच आडवें होऊं नये, कातडीस ऊन अधिक लागतें म्हणून उन्हांत जपावें. हें शेवटलें कलम जहाजाच्या उघड्या डेकवर काम करणाऱ्यास महत्त्वाचें, म्हणून आम्हीं त्यावर अधिक भर दिला. गर्भवतींस व आठ वर्षांखालील मुलांस ती गोळी देत नाहींत, तें त्यास लागू नव्हतें. पत्रकाचा खालचा भाग घडीच्या आड गेला होता, तो आम्हीं उलगडला नाहीं.

चार महिन्यांनीं तो सुखरूप परतला. घरीं आल्याच्या तिसऱ्या दिवशीं त्यानें विचारलें, "मास्तर, पट्टींत अजून गोळ्या शिल्लक आहेत, घ्यायच्या कां?" आणि आम्हीं, ज्यांनीं चाळीस वर्षें विद्यार्थ्यांस पोथीची पुष्पिका वाचल्याशिवाय पोथी वाचली असें म्हणूं नये असें बजावलें, त्या आम्हीं म्हणालों, "प्रवास संपला, नेम संपला."

बाराव्या दिवशीं त्यास थंडी वाजून ताप भरला. ज्या दवाखान्यांत प्रथम नेलें तेथें पावसाळी ताप समजून साधें औषध दिलें; तो आफ्रिकेहून आला आहे हें कोणी विचारलें नाहीं आणि घरच्यांनीं सांगितलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं डोळे पिवळे दिसूं लागले, बोलणें असंबद्ध झालें. रात्रीं त्याची आई आमच्या दाराशीं आली. तेव्हां कोठें आम्हीं तें पत्रक मागवून शेवटपर्यंत उलगडलें: धोक्याचा प्रदेश सोडल्यावर पुढें चार आठवडे गोळी चालूं ठेवावी. रातोरात त्यास मोठ्या रुग्णालयांत हलविलें. रक्तांत फाल्सिपॅरम जातीचा जंतु सांपडला. आठ दिवसांनीं तो घरीं आला. ते आठ दिवस आम्हीं कोणत्याही पोथीस हात लाविला नाहीं.

या चार आठवड्यांचें कारण समजून घेण्यासारखें आहे. डांस चावल्यावर जंतु आधीं यकृतांत जातो, व तेथें आठवडाभर किंवा अधिक काळ वाढून मग रक्तांत उतरतो. डॉक्सिसायक्लिनचा जोर मुख्यतः रक्तांतील जंतूवर आहे. म्हणून शेवटल्या दिवशींच्या चाव्यांतून निघालेले जंतु रक्तांत येतील तेव्हां औषध तेथें हजर असावें लागतें. अ‍ॅटोव्हाक्वोन व प्रोग्वानिल यांची जी दुसरी रोजची जोडगोळी आहे, ती यकृतांतील जंतूसही मारते, म्हणून ती परतल्यावर सात दिवस पुरते. मेफ्लोक्विन आठवड्यास एकदां घ्यावयाची, पण तीही नंतर चार आठवडे. हिंदुस्थान सरकारच्या धोरणांतही सहा आठवड्यांहून कमी मुक्कामास रोजची डॉक्सिसायक्लिन दोन दिवस आधींपासून नंतर चार आठवडे, व अधिक मुक्कामास मेफ्लोक्विन, असें सांगितलें आहे. कोणती गोळी कोणास मानवेल, हें डॉक्टरनेंच ठरवावयाचें, शाळामास्तरानें नव्हे. आणि व्हायव्हॅक्स जातीचा जंतु यकृतांत महिनोन्महिने निजून राहतो, त्यास या रोजच्या गोळ्या पोंचत नाहींत. त्यामुळें प्रवासानंतर वर्षभरांत कधींही ताप आला तर कोठें गेलों होतों हें डॉक्टरास आधीं सांगावें.

तीनशें वर्षांपूर्वीं या किनाऱ्यावर उतरणारा परदेशी मनुष्य तापाच्या भीतीनें दिवस मोजी. आज पाचूबंदरचा मुलगा त्याच भीतीनें दुसऱ्या किनाऱ्यास जातो, आणि परत आल्यावर आपलें घर निर्भय आहे असें समजतो. वसईंत हींवतापाचे डांस आजही आहेत. परक्या देशांतून रक्तांत आलेला जंतु येथून पुढें शेजाऱ्यापाजाऱ्यांस जाऊं शकतो, हें मॉरिशसच्या प्रकरणावरून उघड आहे.

तो तरुण गेल्या महिन्यांत पुन्हां जहाजावर गेला. या वेळीं भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत त्याच्या आईनें परतीच्या संभाव्य तारखेपुढील अठ्ठावीस दिवसांवर स्वतः खुणा करून ठेवल्या आहेत.

आतां संग्राहकांस एक विनंति. वसई, साष्टी व ठाणें या भागांतील वैद्यकीचीं बाडें ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं तिजारा, चौथारा व हींव या शब्दांखालील पानें पाहून, त्यांत कोयनेल किंवा परदेशी साल यांचा उल्लेख आढळल्यास, पानाची नक्कल लेखनकाळासह मंडळाकडे पाठवावी. बाडाचें शेवटलें पान असल्यास तेंही पाठवावें.